अजिंठा घाट आणि जुनी आरएस: ब्रेक सुधारताना काय करावे, काय टाळावे

शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना 2001 मध्ये सुरू झाला आणि 2004 मध्ये ऑक्टाविया आरएस भारतीय बाजारात आली. 1.8 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 150 अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याशी थेट नाते सांगणारी ही पहिली खरीखुरी वेगवान कार. आज ती वीस वर्षांपलीकडे गेली आहे. सेकंडहँड बाजारात ती हौशी मंडळींच्या हाती पडते आणि घेतल्या घेतल्या पहिला बेत ठरतो तो मोठ्या डिस्कचा आणि लाल कॅलिपरचा.

हा क्रम मला उलटा वाटतो. अजिंठा गावाकडून फर्दापूरला उतरणाऱ्या घाटात, एप्रिल-मेच्या उन्हात, पुढे कापसाचा ट्रक आणि मागे पर्यटकांची बस असताना जुन्या गाडीचा ब्रेक दगा देतो तो बहुधा उकळलेल्या ऑइलामुळे, नाही तर अडकलेल्या पिनेमुळे. डिस्कचा आकार फार पुढचा मुद्दा आहे. खालची यादी त्याच क्रमाने लावली आहे. कुर्ल्यात बनलेली पॅलिओ 1.6 किंवा नंतरची लॉरा आरएस असली तरी बहुतेक मुद्दे तसेच लागू पडतात.

आधी हिशेब

1400 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवली, की साधारण 540 किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये उतरते. पावणेदोन लिटर पाण्याला उकळी फुटेल, इतकी. तीच गाडी नुसत्या ब्रेकवर 100 मीटर उंची उतरली तर उष्णता होते सुमारे 1370 किलोज्यूल, म्हणजे तसे अडीच कचकचीत ब्रेक. सपाट रस्त्यावर दोन ब्रेकांच्या मध्ये डिस्कला वारा मिळतो. घाटात वेग कमी, वारा कमी आणि पाय मात्र पेडलवरच.

करावे: सगळ्यात आधी ब्रेक ऑइल बदलावे

मागच्या मालकाने ते कधी बदलले होते याची पावती नसेल, तर बदललेच नव्हते असे धरून चालावे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि ओल शिरली की त्याचा उकळबिंदू कोसळतो. डॉट 4 प्रतीचे ऑइल नवे असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत टिकले पाहिजे, असे मानक सांगते. ओल शोषल्यावर हीच मर्यादा 155 वर येते. डॉट 3 साठी हे आकडे 205 आणि 140, डॉट 5.1 साठी 260 आणि 180. ऑइल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. म्हणून पेडल थेट तळाला जाते, आणि थोड्या वेळाने गाडी गार झाल्यावर सगळे ठीक वाटते. ‘घाटात ब्रेक फेल झाला, गॅरेजला नेला तर काहीच सापडले नाही’ अशी जी तक्रार कानावर येते, तिच्यामागे पुष्कळदा हेच असते.

ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. पावसाळ्यानंतर बदलले तर उत्तम. डबा सीलबंद घ्यावा. गॅरेजच्या फळीवर महिनोन्महिने उघडा पडलेला अर्धा डबा स्वस्तात मिळाला तरी नको.

टाळावे: डॉट 5 आणि डॉट 5.1 यांत गल्लत

5.1 हे डॉट 4 च्याच घराण्यातले आहे. डॉट 5 मात्र सिलिकॉनचे. ते या गाड्यांत घालायचे नसते आणि मिसळायचे तर मुळीच नसते. गावाकडे आणखी एक धोका असतो. शेडमध्ये ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तेल हाताशी असते आणि ‘तेल ते तेल’ म्हणून कोणीतरी टाकी भरून देतो. खनिज तेलाने आतले रबरी सील फुगतात. मग मास्टर सिलिंडरपासून चारही कॅलिपरपर्यंत सगळे रबर बदलावे लागते.

करावे: रबरी नळ्या बदलाव्यात

वीस वर्षांची नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून फुगून तिचे भोक आवळले जाते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, मात्र सहजी परत येत नाही. मग चाक घासत राहते, रिम तापते, गाडी एका बाजूला ओढते आणि दोष कॅलिपरवर ढकलला जातो. स्टीलची जाळी असलेल्या नळ्यांनी पेडल कडक लागते, हे खरे. पण नव्या मूळ नळ्यांनीही तो फरक बराचसा जाणवतो.

टाळावे: काम करताना कॅलिपर नळीला लोंबकळत ठेवणे. तारेने स्प्रिंगला बांधावा.

करावे: कॅलिपर सोडवून पिना साफ कराव्यात

या गाडीचे कॅलिपर पिनांवर सरकणारे आहेत. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ फाटक्या रबरातून आत शिरते, पावसात तिचा चिखल होतो आणि पिन जाम होते. परिणामी आतले पॅड पत्र्याएवढे झिजते, बाहेरचे निम्मे शिल्लक असते. पिना साफ करून सिलिकॉनचे ग्रीस लावावे. बेअरिंगचे पिवळे ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते.

मागच्या कॅलिपरात हॅन्डब्रेकची यंत्रणा असते. तिचा पिस्टन फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. शिकंजा लावून सरळ दाबला तर आतले मळसूत्र जाते. आरएस पहिल्यांदाच पाहणाऱ्या मिस्त्रीला हे आधी सांगावे. चांगला मिस्त्री त्याचा राग धरत नाही.

करावे: पॅड चांगले, जोडीने आणि रस्त्यासाठी बनवलेले घ्यावे

एका धुरीवरचे डावे-उजवे पॅड एकदमच बदलावे.

टाळावे: शर्यतीचे पॅड

ते तापल्यावरच पकडतात. सोयगावच्या बाजारपेठेत सकाळी समोर म्हैस आली, तेव्हा ते थंड असतात. शिवाय किंचाळतात, डिस्क खातात.

नवे पॅड आणि डिस्क बसवल्यावर त्यांना एकमेकांची सवय करून द्यावी लागते. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ताशी 60 वरून 15-20 पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करावा, पूर्ण थांबू नये, आणि मग ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून गार होऊ द्यावे. पहिले 200-300 किलोमीटर घाटाच्या वाटेला जाऊ नये.

डिस्कबद्दल

किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. व्हर्नियरने मोजावी. त्याखाली गेली असेल तर लेथवर नेऊन घासण्यात अर्थ नाही. पातळ डिस्क लवकर तापते. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरले की ‘डिस्क वाकली’ असे निदान लगेच होते. पुष्कळदा ती वाकलेली नसते. हबवर गंज साचलेला असतो किंवा पॅडचा थर डिस्कवर कमीजास्त चिकटलेला असतो. नवी डिस्क बसवण्याआधी हब तारेच्या ब्रशने चकचकीत करावा.

भोके पाडलेली डिस्क दिसायला झकास, पण भोकांच्या कडेने तिला तडे जातात. रस्त्यावरच्या गाडीला साधी, आतून हवा खेळणारी डिस्क पुरते. फारच हौस असेल तर खाचा पाडलेली घ्यावी.

आता मोठ्या डिस्कचा प्रश्न. ऑक्टावियाच्या त्या पिढीचा सांगाडा चौथ्या पिढीच्या गोल्फचा आहे, त्यामुळे त्या घराण्यातले 288 आणि 312 मिलिमीटरचे पुढचे ब्रेक अदलाबदल करणारे हौशी जगभर आहेत. मोठ्या डिस्कसोबत तिचे कॅरिअर लागते आणि किमान 16 इंची रिम लागते. घ्यायच्या आधी स्वतःच्या गाडीवर कोणते माप आहे ते मोजून पाहावे. मोठी डिस्क जास्त उष्णता साठवते, हा तिचा खरा गुण. पण एका कचकचीत ब्रेकमध्ये गाडी किती मीटरवर थांबेल हे टायर ठरवतो. आताच पेडल जोरात दाबल्यावर एबीएस थरथरत असेल, तर ब्रेकमध्ये ताकद पुरेशी आहे; रस्ता धरायला टायर कमी पडतोय.

टाळावे: दुसऱ्याच गाडीचे मोठ्या पिस्टनचे कॅलिपर जुगाड करून बसवणे. मास्टर सिलिंडर तेवढाच राहतो, पेडलचा प्रवास लांबतो, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो. लाल रंग लावायचा तर मूळ कॅलिपरलाच लावावा. त्याने बिघडत काही नाही, सुधारतही काही नाही.

करावे: हवा काढताना टाकीवर नजर ठेवावी

टाकी रिकामी होऊन हवा एबीएसच्या पंपात गेली, की नुसत्या पेडल-पंपिंगने ती निघत नाही. स्कॅनर जोडून पंप फिरवावा लागतो, आणि त्यासाठी सोयगावहून थेट छत्रपती संभाजीनगर किंवा जळगाव गाठावे लागण्याची शक्यता मोठी. ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, नाही तर रंग सोलून निघतो. चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने, 120 न्यूटन-मीटरवर. पाइप घालून, वर उभे राहून नाही.

पायाचा जोर वाढवून देणाऱ्या सर्वोची परीक्षा घरी होते. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबावे, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल जरासे खाली गेले तर ठीक. जागचे हलले नाही तर व्हॅक्यूमची नळी किंवा झडप तपासावी.

घाटात

करावे: ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. ब्रेक जरा जोरात लावून सोडावा, पुन्हा लावावा. सतत पाय टेकवून ठेवू नये.

टाळावे: पेट्रोल वाचते म्हणून न्यूट्रल. इंजेक्शनच्या इंजिनात गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन पूर्ण बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल पितच राहते. म्हणजे वाचत काही नाही आणि इंजिनाचा ब्रेक हातचा जातो. इंजिनच बंद करणे त्याहून वाईट: सर्वोची साठवण दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंगही जड होते.

लेणी पाहायला गेलात तर फर्दापूर टी-पॉइंटला गाडी ठेवून पुढे बसने जावे लागते. घाट उतरून तिथे पोहोचलेले ब्रेक कडक तापलेले असतात. पेडल दाबून धरू नये, हॅन्डब्रेक खेचून ठेवू नये, त्याने तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा. तापल्या चाकांवर पाणी ओतण्याचा मोह आवरावा.

कागदपत्रे

मूळ मापाची डिस्क, पॅड, नळ्या, ऑइल ही दुरुस्ती आहे. मापच बदलले तर मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येऊ शकते. उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. कलम 182-अ प्रमाणे परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी येतेच, तेव्हा गाडी तपासणीला उभी राहते. मोठी डिस्क बसवण्याआधी आरटीओत विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

आणि खिशात एकाच कामाचे पैसे असतील, तर टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. टायर सहा-सात वर्षांपूर्वीचे निघाले, तर डिस्कची यादी बाजूला ठेवा आणि आधी चार टायर घ्या.