शिशाच्या गोळीला अंगरखा

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'लेड' म्हणजे शिसं हे मला तसं उशिराच कळलं. (आणि शिसपेन्सिलीत शिसं नसून ग्राफाइट असतं, हे त्याहून उशिरा!)

गेल्या वर्षी एनसीसी कॅम्पला आमचं फायरिंग होतं. पॉइंट टू-टू रायफल, पोटावर झोपून पाच राउंड. नंतर रिकाम्या केसेस वेचल्या आणि त्याच हातांनी केळं सोलून खाल्लं. घरी हे सांगितल्यावर धुळ्याची आमची आजी अहिराणीत जे बोलली ते इथे छापता येणार नाही. तिच्या लहानपणी कल्हईवाला दारात आला की पोरांना लांब बसवायचे म्हणे.

कल्हई म्हणजे तरी काय? तांब्या-पितळेचा आंबटाशी संबंध येऊ नये म्हणून मध्ये कथलाचा थर. गोळीचंही तसंच आहे. पॉइंट टू-टूची साधी गोळी २.६ ग्रॅमची, बहुतेक सगळी शिशाची, वरून फक्त मेणासारखं वंगण. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि मागून येणारा गॅस त्याच्या कितीतरी पट गरम. गोळी बॅरलमध्ये घासते, बुडाशी शिशाची वाफ होते आणि तो बारीक धूर आपल्या नाकाशी.

अमेरिकेत काही हौशी नेमबाज घरीच शिसं ओतून गोळ्या करतात आणि त्यांना चक्क पावडर कोटिंग करतात, आपल्या एमआयडीसीत लोखंडी कपाटांना करतात तेच. पॉलिएस्टर पावडर चिकटवायची आणि सुमारे २०० अंशांना भाजायची. (आपल्याकडे १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे लायसन्सशिवाय गोळ्या बनवणं गुन्हा आहे, तेव्हा वर्कशॉपमध्ये प्रयोग नको!) मला प्रश्न पडला, भट्टीत गोळीच वितळणार नाही का? शिशात कडकपणासाठी अँटिमनी घालतात, त्यामुळे वितळणबिंदू खाली येतो. पण मेटलर्जीच्या पुस्तकातला फेज डायग्राम काढून बघा, शिसं-अँटिमनीचा युटेक्टिक २५२ अंशांवर आहे. म्हणजे पन्नास अंशांची मार्जिन उरते. हा डायग्राम परीक्षेसाठी पाठ केला होता, कामाला आता आला.

याच कामाचा जास्त पक्का अंगरखा आपल्याच जिल्ह्यात बनतो. भुसावळजवळच्या वरणगाव ऑर्डनन्स फॅक्टरीत रायफलच्या गोळ्या तयार होतात. अशा गोळीत आत शिसं-अँटिमनीचा गाभा आणि वर तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचं जॅकेट असतं. ते मुळात वेगासाठी, कारण नुसतं शिसं त्या वेगाला बॅरलमध्ये टिकत नाही. शिशाचा धूर कमी होतो हा वरचा फायदा. पण बऱ्याच जॅकेटवाल्या गोळ्यांचं बूड उघडं असतं आणि गरम गॅस नेमका तिथेच लागतो. म्हणजे झाकायचं तेच राहिलं! इथे मात्र पूर्ण गुंडाळणारी पावडर सरस ठरते.

तरीही कोटिंग म्हणजे सगळं झालं असं नाही. साधारण प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचंच संयुग असतं. गोळीला सोन्याचा मुलामा दिला तरी प्रत्येक बाराला ते उडणारच, आणि रिकाम्या केसवर बसणारच. मी वेचत होते त्याच केसेस.

थोडं गणित. अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ मध्ये मुलांसाठी रक्तातल्या शिशाची संदर्भ पातळी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम अशी खाली आणली. सुरक्षित अशी पातळी माहीतच नाही, असं डब्ल्यूएचओ सांगते. माझ्या अंगात चार लिटर रक्त धरलं, तर ३.५ च्या हिशेबाने होतात १४० मायक्रोग्रॅम. एका गोळीत याच्या अठरा हजार पटींहून जास्त शिसं आहे. हिशेब ढोबळ आहे, कारण गिळलेलं सगळं रक्तात जात नाही आणि गेलेलं बरंचसं हाडांत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं. पण केळ्यावरच्या बोटांचा विचार करायला तेवढं पुरे.

उपाय अगदी साधे आहेत. साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय खायचं नाही, फायरिंगचा युनिफॉर्म वेगळा धुवायचा, रेंजवर कोरडा झाडू मारायचा नाही, ओलं पुसायचं. पुढच्या कॅम्पला साबणाच्या दोन वड्या घरूनच नेणार आहे. केसेस वेचायचं काम आता ज्युनियर्सकडे आहे, त्यांनाही पुरायला हव्यात.