चौथ्या मुलीकडे लक्ष ठेव

चि. बाळ,


तुझं पत्र पोचलं. कॉलेजने मुलींचा क्रॉसकंट्रीचा संघ पहिल्याच वर्षी तुझ्यावर सोपवला हे वाचून फार बरं वाटलं. सीझन कसा आखू, आठवड्याला किती किलोमीटर पळवू, असं तू विचारलं आहेस. ते सांगतेच, पण त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. तुझ्याकडे येणारी मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असते आणि लांब पल्ल्याची धावपटू पंचविशीच्या आसपास किंवा त्यानंतर तयार होते. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. तुझ्या सातारा जिल्ह्यातली, मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावून दहावी आली, ती सत्ताविसाव्या वर्षी. म्हणजे तुझ्या हाती मुली येतात त्या सुरुवातीच्या वर्षांत. एका ट्रॉफीपायी या वर्षांत त्यांना पिळून काढलं, तर पुढे धावायला त्यांच्यात काही उरणार नाही. तुझ्या हाताखालून जाणारी प्रत्येक मुलगी आली त्यापेक्षा निरोगी आणि धावण्याची हौस शाबूत ठेवून बाहेर पडली पाहिजे. बाकी सगळं यावरून ठरव.

आता सरावाचं. जून-जुलैत घाई करू नकोस. नव्या मुलींना आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर पुरे. दोन वर्षं पळणाऱ्या चाळीस-पंचेचाळीसपर्यंत गेल्या तरी चालेल. अंतर हळूहळू वाढव आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी कर. बहुतेक पळणं शेजारणीशी गप्पा मारता येतील इतकं सोपं असलं पाहिजे. सगळ्यात अवघड शिस्त हीच आहे. सोप्या दिवशीही मुली एकमेकींना खेचत जोरात पळतात, कारण मॅडम बघत असतात. त्या दिवशी स्टॉपवॉच घरी ठेव. आठवड्यातून एकदा यवतेश्वरच्या घाटात ने. चढ जोरात चढायचा आणि उतरताना चालत यायचं, कारण उतारावर धडाधड पळण्याने गुडघे आणि नडग्या जातात. ऑगस्टमध्ये वीस मिनिटांचा टेम्पो सुरू कर, रविवारी बारा ते चौदा किलोमीटरचा लाँग रन ठेव. एक-एक हजार मीटरचे इंटरव्हल सप्टेंबरपासून, तेही पाचाच्या वर नकोत. स्पर्धा जवळ आली की किलोमीटर कमी कर, वेग तसाच ठेव. शेवटच्या आठवड्यात मेहनत करून कोणाचीही ताकद वाढत नाही, नुसता थकवा साठतो.

पहाटे अंधारात रस्त्यावर जाताना कुणालाही एकटी सोडू नकोस. घोळक्याने, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूने पळू देत आणि मागे स्कूटरवर कुणीतरी राहू दे.

तुझ्या पत्रात एका मुलीचं फार कौतुक आहे. ती जिंकेल, जिंकू दे. पण क्रॉसकंट्रीत संघाचा निकाल एका मुलीवर लागत नाही. जागतिक स्पर्धेचंच बघ. सहा जणी धावतात, पहिल्या चौघींचे क्रमांक मिळवतात आणि ज्यांची बेरीज कमी तो संघ पुढे. तुझ्या मुली पहिल्या, दुसऱ्या, चौदाव्या आणि एकतिसाव्या आल्या तर बेरीज अठ्ठेचाळीस होते. समोरच्या कॉलेजच्या सहाव्या, नवव्या, अकराव्या आणि तेराव्या आल्या तर एकोणचाळीस. त्यांच्यातली एकही पहिल्या पाचांत नसताना ट्रॉफी त्यांच्याकडे जाते. म्हणून तुझा सगळ्यात जास्त वेळ चौथ्या-पाचव्या मुलीकडे गेला पाहिजे. पहिली मुलगी कुणाच्याही हाताखाली पळेल. चौथी मात्र पळते ती तुझं आपल्याकडे लक्ष आहे हे तिला कळतं म्हणून. सरावात चौथी, पाचवी आणि सहावी यांची जोडी-तिकडी कर आणि त्यांना शेवटचे दोन किलोमीटर एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून पळायची सवय लाव. शर्यतीत मधल्या घोळक्यात तीन सेकंदांत चार क्रमांक वर-खाली होतात. ट्रॉफी तिथे मिळते किंवा हातची जाते.

आता ज्या विषयावर आपल्याकडचे प्रशिक्षक तोंड उघडत नाहीत तो. पाळीबद्दल विचार. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना एकत्र बसवून सांग की प्रत्येकीने तारीख वहीत लिहून ठेवायची आणि दोन-तीन महिने पाळी आली नाही तर तुला येऊन सांगायचं. खूप पळणाऱ्या मुलींची पाळी थांबतेच, असं मैदानावर बिनधास्त बोललं जातं. काही मुलींना तर ती सोयच वाटते. ती सोय नाही. जेवढं पळते तेवढं खात नसेल तर शरीर आधी पाळी बंद करतं, आणि इस्ट्रोजेन घटलं की हाडांचं नुकसान सुरू होतं. हाडं भरायची वर्षं हीच, विशीच्या आसपासची. एकदा गेलेली ताकद पुढे पूर्ण भरून येईलच असं नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या सगळ्याला रेड-एस असं नाव दिलं. अमेरिकेची मेरी केन सतराव्या वर्षी, २०१३ साली, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली होती. वजन कमी कर म्हणून तिच्यावर सारखा दबाव होता, तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली, हे तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं. तेव्हा मुलींना वजनकाट्यावर उभं करू नकोस. ‘जरा जाड दिसतेस’ हे वाक्य तुझ्या तोंडून चेष्टेतही निघता कामा नये. ते त्या वर्षानुवर्षं विसरत नाहीत आणि दुसऱ्या दिवसापासून जेवण अर्ध्यावर आणतात.

रक्ताचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. तुझ्या संघातल्या मुली याच घरांमधून येतात. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तिला आळशी म्हणू नकोस, डॉक्टरांकडे ने. शक्य झालं तर फेरिटिनही तपासून घे. हिमोग्लोबिन ठीक आणि लोहाचा साठा संपलेला, असंही होतं. अशी मुलगी मन लावून पळते आणि तरी दर आठवड्याला मागे पडते. जेवणाबरोबरचा चहा बंद कर, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासाभराचं अंतर ठेवून घेऊ देत. भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी, वर लिंबू पिळलेलं, अळिवाचा लाडू, शेंगदाणे-गूळ, खाणाऱ्यांना अंडी, एवढं घरात आणि मेसमध्ये मिळू शकतं. सराव संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. डब्याची सोय नसलेल्यांसाठी जिमखान्याच्या पैशातून केळी आणि उकडलेली अंडी आण. त्याच पैशातून स्पोर्ट्स ब्राही घे. मुली मागणार नाहीत, तूच पुढे होऊन घे. आखूड चड्डीला घरून विरोध असेल तर पूर्ण टाइट्समध्ये पळू दे, त्यावर वाद घालण्यात सीझन घालवू नकोस.

ताकदीची पावडर आणि गोळ्या कुणी आणून दिल्या तर आधी तुला दाखवायच्या, हे निक्षून सांग. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

नवरात्र नेमकं स्पर्धांच्या तोंडावर येतं. संघातल्या दोघी-तिघी तरी नऊ दिवस धरतात. उपासाची टिंगल करू नकोस आणि सोड म्हणून हट्टही धरू नकोस. हा तिचा आणि तिच्या घरचा प्रश्न आहे. आईला फोन कर, मुलगी काय पळते ते सांग. दही, राजगिरा, रताळं, शेंगदाण्याचं कूट घातलेली खिचडी दोन्ही वेळा पोटभर मिळाली तर सोपं पळणं निभतं. त्या नऊ दिवसांत इंटरव्हल घेऊ नकोस. निर्जळी करणारीला पळवूच नकोस. दिवाळीचं दुसरंच. हॉस्टेलच्या मुली गावी जातात, घरी साफसफाई, फराळ, शेतातली कामं. ‘सराव करत राहा’ एवढं सांगून काही होत नाही. प्रत्येकीला एका कागदावर रोजचं लिहून दे, तेही निम्मं. जी परत येऊन ‘मॅडम, जमलं नाही’ म्हणेल तिला ओरडू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी ती खोटं सांगेल.

नडगी दुखते म्हणून कुणी आली तर तिला बसव आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा हळूहळू दाबत खाली ने. चार-पाच बोटं लांबीत सगळीकडे दुखत असेल तर बहुधा पळणं कमी करून, बूट बदलून, मऊ मातीवर नेऊन आठवडा-दोन आठवड्यांत आराम पडतो. पण अंगठ्याएवढ्या एकाच जागी दाबल्यावर ती किंचाळली, किंवा रात्री झोपेतही तिथे ठणकत असेल, तर त्याच क्षणी पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. हाडाला बारीक तडा गेला असेल तर सुरुवातीच्या एक्स-रेत तो बरेचदा दिसत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून उद्या उभी करू नकोस. ती रडेल, मी पळते म्हणेल. स्पर्धा तीन दिवसांवर असेल आणि प्राचार्य विचारतील. तिथे तुला एकटीला ‘नाही’ म्हणावं लागेल.

घरी जात जा. सहा मुलींची सहा घरं. तिसऱ्या वर्षाला आलेल्या मुलीला स्थळं येऊ लागतात. वडिलांच्या मनात असतं की पळून काय मिळणार. त्यांच्यापुढे पदकांची भाषणं करू नकोस. स्पर्धेला किती दिवस जाणार, बरोबर बाई कोण, मुक्काम कुठे, परत केव्हा, एवढं लेखी दे आणि दिलेल्या वेळेला मुलगी दारात आणून सोड. एकदा शब्द पाळलास की पुढच्या वर्षी धाकटीही पाठवतात.

स्पर्धेच्या दिवसाचं थोडक्यात. आदल्या संध्याकाळी सगळा मार्ग मुलींबरोबर चालून पाहा, वळणं अरुंद कुठे होतात ते दाखव. चेस्ट नंबरला चार पिना, ओळखपत्रं आणि पात्रतेचे फॉर्म तुझ्याकडे. नवा बूट त्या दिवशी कुणीही घालायचा नाही. सुरुवातीला सगळ्या पिसाटासारख्या सुटतात. तुझ्या चौथीला एक नंबर दाखवून ठेव, तिच्याच वेगाची, स्थिर पळणारी दुसऱ्या कॉलेजची मुलगी, आणि सांग की चार किलोमीटरपर्यंत हिच्या पाठीला धरून राहा, मग पुढे जा. तू स्वतः शेवटच्या रेषेपाशी उभी राहू नकोस. शेवटून एक किलोमीटरवर उभी राहा, मुलीला हाक लागते तिथे. पहिली गेली की तिच्यामागे धावू नकोस. सहावी जाईपर्यंत जागा सोडू नकोस.

उद्या सकाळी दोन कामं कर. सहाही जणींचं हिमोग्लोबिन तपासायला पाठव आणि चौथ्या मुलीच्या घरी जाऊन ये. रिपोर्ट आले की आकडे मला कळव.

तुझी,
आत्या