निओडिमियम आणि स्थायी चुंबक

निओडिमियमची गणना विरल मृदा धातूंत होते. परंतु भूकवचात हा धातू शिशापेक्षाही अधिक आहे. कठीण असते ते त्याला सजातीय धातूंपासून वेगळे करणे. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांना ते १८८५ मध्ये व्हिएन्नात साधले. हा रुपेरी धातू हवेत काळवंडतो, म्हणून तो तेलात ठेवतात.

लोह व बोरॉन यांच्या संयोगाने त्याचे अत्यंत प्रबळ स्थायी चुंबक बनतात. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या मोटारींत ते वापरतात. उष्णतेने मात्र त्यांचे बळ घटते. ते टिकविण्यासाठी डिस्प्रोसियम मिसळावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम व तद्युक्त चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा भारतीय वाहन-उद्योगालाही झळ पोहोचली. वास्तविक केरळ व ओडिशाच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत निओडिमियम आहेच.