बत्तीसच्या मशीनमध्ये बासष्ट

क्लायंटकडच्या इन्फ्रावाल्या साहेबांनी मीटिंगमध्ये एक्सेल उघडलं. टॉपमधला ‘रेस’ कॉलम, माझे २४ वर्कर, प्रत्येकी २.६ जीबी आणि तळाशी पिवळ्या रंगात बेरीज, ६२.४ जीबी. “मॅडम, सगळी मेमरी तुमचंच सॉफ्टवेअर खातंय, म्हणून रिपोर्टिंगवाल्यांची कामं रखडतात.” मी मान डोलावली, वर “ऑप्टिमाइझ करते” असंही म्हणाले. त्यांच्यापेक्षा स्वतःचाच राग येतो तो याचा.

कारण मशीन ३२ जीबीचं होतं, स्वॅप बंद. बत्तीसमध्ये बासष्ट मावले कसे, हे खोलीत कुणीच विचारलं नाही. मला ते सुचलं घरी जाताना बसमध्ये, आणि मी चक्क मोठ्याने “अरे!” म्हणाले. शेजारच्या आजी दचकल्या.

माझे वर्कर एकच २.४ जीबीची इंडेक्स फाइल एममॅप करून वाचतात. ती मेमरीत एकदाच असते, पण आरएसएस (टॉपमधला तोच ‘रेस’) ती प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण मांडतो. वाड्यात हौद एक, आणि चोवीस बिऱ्हाडांनी तो आपापल्या नावावर अख्खा लिहायचा! प्रत्येकाचं खरं स्वतःचं होतं जेमतेम २०० एमबी.

सकाळी प्रॉकमध्ये प्रत्येक वर्करची स्मॅप्स_रोलअप फाइल वाचली (कर्नल ४.१४ पासून मिळते; दुसऱ्याच्या प्रोसेसची वाचायला रूट लागतो). तिच्यातली पीएसएसची ओळ सामायिक पानं वाटेकऱ्यांत विभागून देते, म्हणून तिची बेरीज करता येते. आली ७.२ जीबी. लगेच मेल केला. उत्तर नाही. दुपारी फर्मान आलं, वर्कर निम्मे करा. केले. साहेबांच्या हिशेबाने ३१ जीबी सुटायला हवी होती. ‘फ्री’मधला ‘अव्हेलेबल’ आकडा वाढला २.४ ने. म्हणाले, “लिनक्सला मेमरी सोडायला वेळ लागतो.” यावर काय बोलणार?

म्हणून सांगते, आरएसएसच्या बेरजेवर कुणी बोट दाखवलं तर आधी मशीनची मेमरी किती ते विचारा. एखादी प्रोसेस मारल्यावर नक्की किती सुटेल हे हवं असेल तर स्मॅप्स_रोलअपमधल्या ‘प्रायव्हेट’ ओळींची बेरीज करा. मात्र ही फाइल दर सेकंदाला वाचत बसू नका; मोठ्या प्रोसेसची पानं चालत जाणं स्वस्त नसतं. आणि गेटआरयूसेजचा कमाल आरएसएस लिनक्सवर केबीत येतो, मॅकवर बाइटमध्ये. त्यात मी एकदा माझं हसं करून घेतलंय, तपशील नको.

रिपोर्टिंग अजूनही रखडत होतंच. मेमरीचं नव्हतंच ते. साहेबांच्याच टीमने बसवलेला मॉनिटरिंग एजंट चारही कोअर खात होता. पीएसमध्ये त्याचा सीपीयू दिसत होता १२ टक्के, म्हणून कुणी वळून पाहिलं नाही. पण पीएसचा तो आकडा प्रोसेस सुरू झाल्यापासूनची सरासरी असतो. एजंट ४० दिवस चालू होता, बिघडला होता गेले ३० तास. पिडस्टॅट एकेका सेकंदाने लावला, तर ३८०. टॉपसारखंच इथेही एक कोअर म्हणजे १००, त्यामुळे हा आकडा पाहून घाबरू नका. चार कोअरच्या मशीनवर मात्र घाबरा.

बाकी नेहमीचंच: आकडे लिहून ठेवा, वेळेसकट, स्क्रीनशॉट घ्या, तोंडी काही कबूल करू नका.

एजंट रीस्टार्ट झाला, रिपोर्ट वेळेवर यायला लागले. मीटिंगच्या इतिवृत्तात ओळ आहे : ‘वर्करची संख्या योग्य केल्यावर समस्या सुटली.’ वर्कर अजून बाराच आहेत.