बारकी शांतता : एका हिब्रू ओवीपाशी शिकलेले

हिब्रू शास्त्राचा अभ्यास करायचा तर इंग्रजी उत्तम हवी, असा समज आपल्याकडे पक्का आहे. नागपुरातल्या आमच्या छोट्या अभ्यासगटातही तो होता. सदर भागात एका घरी आम्ही जमतो. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी उमरेडकडची शेती मुलांवर सोपवून शहरात आलेले. जुन्या करारातली एक ओवी घ्यायची, हाताशी असतील तेवढी भाषांतरे पुढे ठेवायची आणि मूळ शब्दांपर्यंत जायचे, हा आमचा परिपाठ. इतकी वर्षे हे केल्यावर माझे मत ठाम झाले आहे. हिब्रू समजून घ्यायला मराठी ही अडचण नाही, ते आपल्या हातातले साधन आहे.

हे मला सर्वांत स्पष्ट दिसले ते एका ओवीपाशी. १ राजे, अध्याय १९, ओवी १२. संदेष्टा एलीया होरेब डोंगरावरच्या गुहेत आहे. वारा, भूकंप आणि अग्नी येऊन गेले आहेत, आणि त्यांच्यानंतर जे आले ते हिब्रूत फक्त तीन शब्दांत सांगितले आहे : कोल, दमामा, दक्का. या तीन शब्दांनी जे शिकवले ते असे.

१. ओवी एकटी वाचू नये.

या ओवीचे कॅलेंडर भिंतीवर लावून मनःशांती मिळवणारे पुष्कळ आहेत. पण मागचा अध्याय वाचला की तिचा पोत बदलतो. अठराव्या अध्यायात कर्मेल डोंगरावर बआल या दैवताचे संदेष्टे सकाळपासून हाका मारतात. तिथे शास्त्र सांगते की कोल, म्हणजे आवाज, नव्हता. मग एलीयाच्या प्रार्थनेवर आकाशातून अग्नी पडतो. एवढा विजय झाल्यावरही राणी ईजबेलच्या धमकीने तोच एलीया जीव घेऊन पळतो, रानात मरण मागतो आणि चाळीस दिवस चालून होरेबला पोहोचतो. त्या डोंगराचीही आठवण मोठी आहे. मोशेच्या काळी तिथे गडगडाट, विजा आणि धूर झाला होता, आणि निर्गमात त्या गडगडाटालाही कोल हाच शब्द आहे. म्हणजे बआलाकडून न आलेला कोल, पूर्वी गर्जनेसारखा आलेला कोल, आणि आता हा तिसरा. मागचे दोन ऐकल्याशिवाय तिसऱ्याचे नवल कळत नाही.

२. भाषांतरे मोजू नका, त्यांची घराणी ओळखा.

दहा भाषांतरांत एकच अर्थ आला म्हणजे दहा साक्षीदार मिळाले, असे होत नाही. इसवी सनापूर्वीच्या ग्रीक भाषांतरात या जागी मंद झुळकेचा आवाज आहे. जेरोमच्या लॅटिन भाषांतरातही झुळूकच आहे. हिब्रूत मात्र या तीन शब्दांत वारा कुठेच नाही. वारा आधी येऊन गेलेला आहे, आणि परमेश्वर त्यात नव्हता, असे शास्त्राने नुकतेच बजावले आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने वारा काढला, पण आवाज हे मुख्य नाम ठेवून शांत आणि लहान ही त्याची दोन विशेषणे केली. नंतरची कितीतरी भाषांतरे त्याच वळणाने गेली. आपल्या प्रचलित मराठी भाषांतरातली वाणीही याच कुळातली. १९८९ च्या एका इंग्रजी आवृत्तीने दमामाला, म्हणजे शांततेला, पुन्हा नामाची जागा दिली, तेव्हा वाचकांना ते धाडसी वाटले. खरे तर ते मुळाच्या जवळ गेले होते. म्हणून भाषांतरांची तुलना करताना मी आधी विचारतो : याने हिब्रू पाहिले, की आधीच्या कोणाचे भाषांतर?

३. लिपी शिकून घ्या, ती वाटते तेवढी परकी नाही.

अक्षरे बावीस, उजवीकडून डावीकडे. मूळ लेखन व्यंजनांचे. स्वरांच्या खुणा हिब्रू पाठ जपणाऱ्या मसोरेती पंडितांनी पुढे अक्षरांच्या खाली-वर बसवल्या. त्यांच्या परंपरेतले जुन्या कराराचे सर्वांत जुने संपूर्ण हस्तलिखित, ज्याला लेनिनग्राड कोडेक्स म्हणतात, साधारण १००८ सालचे आहे. व्यंजन आधी आणि स्वर चिन्हाने, ही कल्पना इंग्रजी वाचणाऱ्याला नवी असते. काना, मात्रा, वेलांटी गिरवून मोठे झालेल्याला ती लगेच पटते. बाकी काही जमले नाही तरी लिपी शिकावी. कोशात शब्द स्वतः शोधता येतो, आणि इतरांच्या सांगण्यावर विसंबण्याची गरज तिथेच निम्मी संपते.

४. शब्द शास्त्रभर कुठे कुठे राहतो ते पाहा.

स्ट्राँगची १८९० सालची शब्दसूची यासाठी अजून उपयोगी आहे. तिच्यात प्रत्येक हिब्रू शब्दाला क्रमांक आहे. दक्का हे दक या विशेषणाचे रूप, क्रमांक १८५१. तो धरून आम्ही एकेक ठिकाण काढले. फारोच्या स्वप्नातल्या हडकुळ्या गाई दक. पूर्वेच्या वाऱ्याने करपलेली कणसे दक. रानात सकाळी जमिनीवर पडलेला मान्ना दक. महायाजकाने पडद्याआड न्यायचा कुटलेला धूप दक. यशयातली धूळही दक. इंग्रजीत ठिकाणानुसार शब्द बदलतो, म्हणून एकाच शब्दाचा हा धागा तिथे सहज दिसत नाही.

गटात मी कणसांची ओवी वाचली तेव्हा उमरेडकडच्या एक आजी म्हणाल्या, "हे तं बारकीच कणसं नं भाऊ." आणि आम्हा सर्वांना शब्द सापडला. गाय बारीक होते, कणीस बारीक पडते, पीठ बारीक दळतात, धूप बारीक कुटतात आणि आवाजही बारीक असतो. दक जिथे जिथे जातो, तिथे तिथे मराठीतला बारीक त्याच्याबरोबर जातो. आजींना हिब्रू येत नव्हते. त्यांना ज्वारीचे पीक ठाऊक होते.

बोलणाऱ्याच्या तोंडून शब्द घेण्याची ही रीत नागपुरात जुनी आहे. १८४५ मध्ये इथे आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप आम्हाला शाळा-कॉलेजच्या नावामुळे माहीत असतात. मला ते आवडतात ते वेगळ्या कारणाने. त्यांनी मध्य प्रांतातल्या गोंड आणि इतर आदिवासींचे शब्द त्यांच्या तोंडून ऐकून टिपले. १८६३ मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाला, आणि ती टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून काढली. त्यांचे नागपुरातले सहकारी रॉबर्ट हंटर पुढे इंग्लंडात एका बहुखंडी ज्ञानकोशात्मक शब्दकोशाचे संपादक झाले. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या तोंडी असतो आणि कोश तो नोंदवतो, हा क्रम या दोघांच्या कामात दिसतो. अभ्यासालाही तोच लागू आहे.

५. लिंग आणि वचन पाहिल्याशिवाय अर्थ ठरवू नका.

या ओवीचे कुलूप व्याकरणात आहे. कोल म्हणजे आवाज, पुल्लिंगी. दमामा म्हणजे निःशब्दता, स्त्रीलिंगी. दक्का हे विशेषण स्त्रीलिंगी रूपात आहे. म्हणजे बारीकपणा आवाजाचा नाही, शांततेचा आहे. योगायोग असा की मराठीतही आवाज पुल्लिंगी आणि शांतता स्त्रीलिंगी. 'बारीक' रूप बदलत नाही, पण आपल्या वऱ्हाड-नागपूरकडचा 'बारका' बदलतो. बारका आवाज की बारकी शांतता, एवढाच प्रश्न. हिब्रूचे उत्तर आहे : बारक्या शांततेचा आवाज. विशेषणाला लिंग नसलेल्या इंग्रजीत हा फरक समजावून सांगावा लागतो. आमच्या गटात तो फळ्यावर लिहिताक्षणी सगळ्यांना दिसला. इथून पुढे 'बारीक आवाजात देव बोलला' हे वाक्य मला पुरेसे वाटेनासे झाले. बोलणे पुढच्या ओवीत आहे. इथे एलीयाने आधी शांतता ऐकली आणि ती ऐकूनच चेहरा झग्याने झाकून तो गुहेच्या तोंडाशी आला.

६. कानाला सारखे ते अर्थाला सारखे नसते.

जुन्या मराठीत दमामा म्हणजे मोठा नगारा. तो फारसीतून आला. हिब्रूतला दमामा त्याच्या अगदी उलट, आणि दोघांचा काहीही संबंध नाही. हे उदाहरण मी नव्या लोकांना मुद्दाम देतो. हिब्रू शब्द आणि संस्कृत किंवा मराठी शब्द एकसारखे ऐकू आले की त्यांची सोयरीक जुळवण्याचा मोह फार मोठा असतो, आणि त्यावर पुस्तकेही लिहिली जातात. चौथ्या मुद्द्यात 'बारीक' आणि 'दक' जवळ आणले ते वापरावरून, उच्चारावरून नव्हे. वापराचा पुरावा तपासता येतो. उच्चारावरून कोणालाही काहीही सिद्ध करता येते.

७. कोशातले सगळे अर्थ एका जागी ओतू नका.

कोल म्हणजे मेघगर्जनाही. म्हणून या ओवीत गर्जना दडली आहे, असे ठरवता येत नाही. शब्दाला दहा अर्थ असतात, वाक्यात त्याला त्यातला एक निवडावा लागतो. दमामाची अडचण वेगळी आहे. हा शब्द जुन्या करारात तीनच ठिकाणी येतो : इथे, ईयोबाच्या चौथ्या अध्यायात, जिथे रात्रीच्या भयाच्या वर्णनात या शब्दाच्या शेजारीच कोल आहे, आणि १०७ व्या स्तोत्रात, जिथे वादळ शमते. इतक्या थोड्या ठिकाणांवरून छातीठोक बोलता येत नाही. म्हणून त्याच्या क्रियापदाकडे जावे लागते. यहोशवाच्या पुस्तकात सूर्याला थांबायची आज्ञा त्याच क्रियापदाने दिली आहे, आणि दोन मुलगे गेल्यावर अहरोन गप्प राहिला तेही त्याच क्रियापदाने सांगितले आहे. हालचाल थांबणे आणि बोलणे थांबणे. मराठीत 'स्तब्ध' दोन्ही पेलतो. तरीही काही अभ्यासक इथे कुजबुज मानतात, काही संपूर्ण निःशब्दता. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण पहिल्या बाजूचा पुरावा मी गटापुढे पूर्ण मांडतो.

८. आपल्याआधी मराठीतून वाचणारे झाले आहेत, त्यांना भेटा.

मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत १८३२ मध्ये हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून छापले ते कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजासाठी. म्हणजे मराठी ही हिब्रू शिकण्याची भाषा तेव्हापासून आहे. त्या समाजातल्या जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ मध्ये पुण्यात हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह छापली गेली. आणि आपल्या ओवीतला एलीया तर या समाजाच्या घरचाच. मंगल प्रसंगी पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा करून ते त्याचे स्मरण करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात.

पंडिता रमाबाईंकडून मी सर्वांत जास्त घेतले. संस्कृतसाठी ज्यांना कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हटले, त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या छपाईला सदनातल्या स्त्रियांचे हात लागले. एवढी संस्कृत येणाऱ्या बाईंनी खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी निवडली. विद्वत्ता कशासाठी असते, याचे इतके थेट उत्तर मला दुसरीकडे मिळाले नाही.

९. शब्द कळला की प्रसंगाचा शेवट वाचा आणि तिथे थांबू नका.

त्या शांततेनंतर एलीयाला विचारले जाते : तू इथे काय करतोस? हा प्रश्न त्याला आधीही विचारला होता. दोन्ही वेळा तो शब्दशः एकच उत्तर देतो : मी एकटाच उरलो. एवढा अनुभव येऊनही माणसाचे म्हणणे बदललेले नाही, आणि शास्त्राने ते लपवलेले नाही. मग त्याला समजावले जात नाही, कामे दिली जातात. परत जा, हजाएलाला, येहूला आणि अलीशाला अभिषेक कर. आणि सात हजार जण बआलापुढे न वाकलेले आहेत, हेही सांगितले जाते. ज्या वाटेने तो पळून आला, त्याच वाटेने त्याला लोकांत परतायचे आहे.

म्हणून आमच्या गटात अभ्यासाच्या शेवटी एक गोष्ट ठरलेली आहे. शब्दांची चर्चा संपली की प्रत्येकाने सांगायचे, ही ओवी मला कोणाकडे परत पाठवते. आजारी शेजाऱ्याकडे, अबोला धरलेल्या भावाकडे, अर्धवट टाकलेल्या कामाकडे. तुम्हीही सुरुवात अशीच करा. आपल्या आवडीची एकच ओवी घ्या. दोन मराठी भाषांतरे आणि एक शब्दसूची जवळ ठेवा, आणि जिला शेत, स्वयंपाक किंवा माग ठाऊक आहे अशी एखादी व्यक्ती शेजारी बसवा. तिचा मराठी शब्द कोशातल्या अर्थाइतक्याच आदराने लिहून घ्या. मग तो शब्द ज्याच्यापर्यंत पोहोचवायचा आहे, त्याच्याकडे निघा.