स्वेटरआधीचा नमुना: खर्च किती, वाचतं किती

मोठ्या माणसाचा साधा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणायला मध्यम जाडीची लोकर अर्धा किलो तरी लागते आणि टाके 60 हजारांच्या घरात जातात. मिनिटाला 25 टाके पडतात असं धरलं, तर हे 40 तासांचं काम आहे. त्याआधी विणायचा नमुन्याचा तुकडा, म्हणजे स्वॉच, तास-सव्वा तासात होतो आणि त्याला 12 ते 15 ग्रॅम लोकर जाते. लोकरीचे भाव दुकानागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून हिशेबापुरती अॅक्रिलिक लोकर 100 ग्रॅमला 120 रुपये आणि मेरिनो 1000 रुपये धरू. अॅक्रिलिकचा नमुना 14 ते 18 रुपयांना पडतो, मेरिनोचा 120 ते 150 रुपयांना. स्वेटरची लोकर मात्र अनुक्रमे 600 आणि 5000 रुपयांची. माझ्या मते विणकामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च हाच, पण एका अटीवर: तो तुकडा धुवायला हवा.

न धुता मोजलं तर काय होतं, ते आकड्यांतच बघा. पॅटर्नमध्ये 10 सेंटिमीटरला 22 टाके दिलेत, तुमचेही सुईवरून उतरताना 22च भरले आणि छातीच्या 100 सेंटिमीटर घेरासाठी तुम्ही 220 टाके घेतले. पहिल्या धुण्यात लोकर सैलावली आणि 22चे 20 झाले, की तोच घेर 110 सेंटिमीटर होतो. ओळींचंही तसंच. 10 सेंटिमीटरला 30 ओळी धरून 60 सेंटिमीटर उंचीसाठी 180 ओळी विणल्या आणि धुतल्यावर 30च्या 28 झाल्या, तर स्वेटर चार सेंटिमीटरनं लांबतो. तो उसवण्यावाचून इलाज राहत नाही.

प्रत्येक लोकर पाण्यात वेगळी वागते. शुद्ध लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी, तीव्र साबण आणि चोळणं एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकून लोकर नमद्यासारखी घट्ट होते आणि मग ती पूर्ववत होत नाही. सुपरवॉश लोकरीवर प्रक्रिया करून हे खवले निष्प्रभ केलेले असतात. त्यामुळे ती आटत नाही, पण ओली झाली की चांगलीच सैलावते. सुती धागा पहिल्या धुण्यात आटतो आणि मग स्वतःच्या वजनानं खाली ओढला जातो. अॅक्रिलिक पाण्याला फारशी दाद देत नाही, पण त्यावर गरम इस्त्री फिरली किंवा जोराची वाफ बसली की ते कायमचं लुळं पडतं.

म्हणून तुकडा धुवायचा तो स्वेटर धुतला जाईल तसाच. आपल्याकडे आजीनं विणलेला स्वेटर बऱ्याचदा परदेशातल्या नातवंडांकडे जातो. पुण्यात किंवा डोंबिवलीत बादलीत हलक्या हातानं धुतलेला तुकडा न्यू जर्सीतल्या वॉशिंग मशीन आणि ड्रायरबद्दल काहीच सांगत नाही. आधी सुनेला किंवा लेकीला फोन करून विचारा, कपडे ड्रायरमध्ये जातात का? जात असतील तर साधी लोकर घेऊच नका. सुपरवॉश किंवा अॅक्रिलिक घ्या, तेही लेबलवर ड्रायरची चौकट बघून. चौकटीतल्या गोलावर फुली असेल तर ड्रायर चालत नाही. तुमच्याकडे ड्रायर नसेल तर तुकडाच तिकडे पाठवा. धुऊन झाल्यावर तो मोजपट्टीसह सपाट ठेवून फोटो मागवा, टाके फोटोवरूनही मोजता येतात.

हातानं धुताना कोमट पाण्यात लोकरीसाठीचं सौम्य लिक्विड घाला, ईझीसारखं कुठलंही चालेल, आणि तुकडा 20-30 मिनिटं भिजू द्या. कपड्यांचा नेहमीचा पावडर साबण अल्कधर्मी असतो, तो लोकरीला नको. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट पसरून, टाचण्या न लावता वाळवा. सुती धाग्याचा तुकडा मात्र वाळल्यावर दोरीवर लटकवा, खालच्या कडेला दोन-तीन चिमटे लावा आणि रात्रभर राहू द्या. अंगावरचा स्वेटर किती लोंबेल याचा थोडाफार अंदाज त्यातून येतो. पावसाळ्यात लोकर वाळायला दोन दिवसही लागतात. पंखा लावा, पण दमट तुकडा मोजू नका. दोन रंगांचं काम असेल तर भिजवताना सोबत पांढऱ्या कापडाचा चिंधा टाका. लाल रंग जातो की नाही, हे बाळंतविड्यातल्या पांढऱ्या स्वेटरवर कळण्यापेक्षा चिंध्यावर कळलेलं बरं. या सगळ्याला पाणी आणि लिक्विड धरून दोन-चार रुपयांच्या वर खर्च नाही.

तुकडा 15 सेंटिमीटर चौरस तरी हवा. लहान तुकड्यात कडेचे ताणलेले टाके मोजमाप बिघडवतात. 36 टाके घाला, दोन्ही कडांचे तीन-तीन टाके प्रत्येक ओळीत सुलट ठेवा म्हणजे कडा वळणार नाहीत, आणि मधे एक ओळ सुलट, एक उलट. पॅटर्नमध्ये गेज, म्हणजे 10 सेंटिमीटरला बसणारे टाके आणि ओळी, जाळीत किंवा वेणीत दिलं असेल तर तुकडाही त्याच विणीचा. स्वेटर गोल सुईवर एकसंध विणणार असाल तर तुकडाही गोलच विणा, कारण बऱ्याच जणींचा उलट टाका सुलटपेक्षा सैल पडतो आणि गोल विणताना उलट ओळ येतच नाही. सुईही बदलू नका. स्टीलच्या आणि बांबूच्या 4 मिलिमीटर सुयांवर एकाच हाताचा ताण निराळा येतो.

सुईच्या नंबरात तर अनेकींचे पैसे जातात. आपल्याकडच्या सुयांवर जुना ब्रिटिश नंबर असतो: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे 3.25, नंबर वाढेल तशी सुई बारीक. अमेरिकन नंबर उलटे चालतात. तिथली 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची. पॅटर्न कुठलाही असो, मिलिमीटरच बघा.

मोजायला तुकडा टेबलावर ठेवा, मांडीवर नको. शिवणाची टेप सरकते आणि जुनी झाली की ताणतेही, म्हणून शाळेतली कडक पट्टी घ्या. सुलट बाजूला प्रत्येक टाका व्ही अक्षरासारखा दिसतो. तुकड्याच्या मध्यावर 10 सेंटिमीटर अंतरावर दोन टाचण्या टोचा आणि त्यांमधले व्ही मोजा. अर्धा व्ही आला तर तो सोडू नका: 22 च्या जागी साडेबावीस असतील तर 220 टाक्यांचा घेर 98 सेंटिमीटरच्याही आत येतो. दोन वेगळ्या जागी मोजून सरासरी घ्या. कडेच्या एक सुलट एक उलट बॉर्डरचं गेज मोजण्याची गरज नाही.

आता तुकड्याचा दुसरा उपयोग, जो मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तो तोला. समजा 15 बाय 15, म्हणजे 225 चौरस सेंटिमीटरचा तुकडा 13 ग्रॅम भरला. स्वेटरची पाठ आणि पोट प्रत्येकी 50 बाय 60, बाह्या सरासरी 38 बाय 45: एकूण 9420 चौरस सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ 42 तुकडे, 544 ग्रॅम. नमुन्याचे 13 धरून 557. पॅटर्नमध्ये 500 लिहिलंय म्हणून पाच गुंडे आणले असते, तर एका बाहीचा निम्म्याहून अधिक भाग राहिला असता, आणि तोवर दुकानातला लॉट संपलेला. लेबलवरचा लॉट नंबर वेगळा असला की तोच रंग बाहीवर फिका किंवा गडद दिसतो. म्हणून आधी एकच गुंडा घ्या आणि दुकानदाराला सांगा, "या लॉटचे आणखी सहा बाजूला ठेवा, आठवड्यात नेते." ओळखीचा दुकानदार ठेवतो. अनोळखी असेल तर थोडी आगाऊ रक्कम द्या किंवा न उघडलेला गुंडा परत घेणार का, हे बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन मागवताना हे जमत नाही, तिथे एक गुंडा जादाच मागवा.

प्रत्येक वेळी नमुना लागतोच असं नाही. मफलर दोन सेंटिमीटर रुंद झाला म्हणून बिघडत नाही. बाळाचे मोजे विणताना पहिला मोजाच नमुना समजा.

गेज जुळलं नाही तर? टाके जास्त भरले, तर एक नंबर जाड सुई. कमी भरले, तर बारीक. पुन्हा तुकडा, पुन्हा धुणं. दोनदा करूनही जुळेना, पण विणलेलं कापड हाताला आवडतंय, तर सुई बदलत बसू नका, पॅटर्नचा साइज बदला. तुमचे 10 सेंटिमीटरला 20 टाके बसतात आणि घेर 100 हवा, म्हणजे तुम्हाला 200 टाके हवेत. पॅटर्नमध्ये छातीला 200 च्या आसपास टाके असलेला लहान साइज शोधा, टाके त्याचे घ्या आणि लांबी तुमच्या मापानं सेंटिमीटरमध्ये मोजून विणा. रॅगलन स्वेटरमध्ये मात्र खांद्याचा उतार ओळींवर ठरतो. तिथे ओळींचं गेजही पॅटर्नच्या जवळ असेल तरच हा उपाय चालतो.