झाडपाल्याचे औषध आणि पेशीतली किल्ली



‘झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार?’ असे आपल्या घरांतून अजूनही म्हटले जाते. त्याचे एक उत्तर सिंगापूरहून २०१३ साली आले.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक धागा असतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. हिस्टोनच्या एका ठरावीक जागी मिथाइल नावाची बारीक रासायनिक खूण चिकटली की तिथली जनुके कुलूपबंद होतात. केडीएम६ए नावाचे एन्झाइम ती खूण काढते. म्हणजे ही कुलपाची किल्लीच! पेशींच्या वाढीला लगाम घालणारी काही जनुकेही हिच्यामुळे उघडी राहतात. किल्ली मोडली की लगाम सुटतो.

सिंगापूरचे नॅशनल कॅन्सर सेंटर आणि ड्यूक-एनयूएस येथील संशोधकांनी तैवानमधील डॉक्टरांबरोबर मूत्रमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाच्या ९ गाठी तपासल्या. या रोगामागे ॲरिस्टोलोकिक आम्ल होते. ते ॲरिस्टोलोकिया जातीच्या वेलींत असते आणि काही जुन्या चिनी औषधांतून पोटात जाई. डीएनएच्या दर दहा लाख अक्षरांमागे १५० बदल आढळले. विडी-सिगारेटमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगात हा आकडा ८ आहे! आणि पुष्कळ गाठींत नेमकी केडीएम६एचीच मोडतोड झालेली होती. हे आम्ल आपला ठसाही मागे ठेवते: ‘ए’ अक्षराच्या जागी ‘टी’. पुढे यकृताच्या ९३ कर्करोगांत तोच ठसा शोधला, तर ११ मध्ये सापडला.

हे चिनी लोकांपुरतेच आहे असे समजू नका. आपली ईश्वरी, म्हणजे सापसंद, याच जातीची वेल. सापाच्या विषावर तिचे मूळ देत असत. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन घटवण्याच्या गोळ्यांत चुकून अशीच एक वनस्पती मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. सिंगापूरने या आम्लाच्या औषधांवर बंदी घातली आहे.

सगळीच जडीबुटी वाईट, असे मी म्हणत नाही. आले-हळद खुशाल घ्या. पण पुडीत कोणते मूळ आहे हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल, तर ती घेऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तुम्ही घेत असलेली सगळी चूर्णे व काढे डॉक्टरांना दाखवा. पूर्वी घेतलेलेही सांगा, कारण या आम्लाच्या खुणा डीएनएवर वर्षानुवर्षे राहतात. लघवीतून एकदा जरी रक्त गेले, दुखत नसले तरी, त्याच आठवड्यात तपासून घ्या.